लेन्सच्या कड्यावरचे चार आकडे

खिशात मावणारे झूमवाले कॅमेरे उघडून दुरुस्त करणं हे माझं काम. दुरुस्त झालेला कॅमेरा हातात पडला की लोक जाता जाता विचारतात, "नवा घ्यायचा झाला तर कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "ठेवणार कुठे?" उत्तर येतं, "खिशात." मग मी म्हणतो, दाखवा बघू खिसा.

खिशात मावतो असं जाहिरातीत असतं. कोणाच्या खिशात, ते नसतं. लांबी-रुंदी बहुतेकांची जवळपास सारखीच असते, अडतं ते जाडीवर. सोनीचा पहिला आरएक्स१०० (२०१२) सुमारे ३६ मिमी जाड आणि २४० ग्रॅम वजनाचा होता. त्याच घराण्यातला सातवा, २०१९ चा, ४३ मिमीच्या आसपास आणि ३०२ ग्रॅम. पॅनासॉनिकचा टीझेड२०० तर ४५ मिमी आणि ३४० ग्रॅम. वाचताना सात-नऊ मिलिमीटरचं काही वाटत नाही. तोच कॅमेरा पँटच्या पुढच्या खिशात घालून खाली बसलात की वाटतं.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा बनवा. अकरा सेंटिमीटर लांब, साडेसहा उंच, साडेचार जाड. मध्ये पोकळी ठेवून वजन तीनशे ग्रॅमच्या पुढे जाईल असं काहीतरी कोंबा आणि दिवसभर वागवा. दुपारपर्यंत तो टेबलावर काढून ठेवलेला असेल तर कॅमेराही टेबलावरच राहणार, हे आत्ताच कळलं. मग पातळ मॉडेलांकडे वळा, किंवा कमरेच्या पट्ट्याला पाऊच लावायची तयारी ठेवा. पाऊच चालणार असेल तर पुढचं बरंच सोपं होतं.

कड्यावर काय लिहिलंय?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '३० एक्स', '४० एक्स' असं छापलेलं असतं. त्या आकड्याने फसू नका. झूमचं सगळ्यांत लांबचं टोक भागिले सगळ्यांत जवळचं टोक, एवढाच त्याचा हिशेब. २४ ते ७२० म्हणजे ३० पट. त्या लेन्समधून प्रकाश किती येतो, याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही.

खोकं बाजूला ठेवा आणि लेन्सच्या पुढच्या कड्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिथे चार आकडे असतात. कॅननच्या पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ चे आकडे आहेत ८.८ ते ३६.८ मिमी आणि १.८ ते २.८. पहिले दोन म्हणजे झूमच्या दोन टोकांची खरी फोकल लेंग्थ; ती जितकी मोठी, तितकी दूरच्या वस्तूची प्रतिमा मोठी पडते. दुसरे दोन म्हणजे त्या त्या टोकाला ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, जास्तीत जास्त किती उघडतं, तो एफ-नंबर; त्या टोकाला हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. जाहिरातीत '२४-१००' असं लिहितात ती जुन्या ३५ मिमी फिल्मशी जुळवून दाखवलेली सममूल्य फोकल लेंग्थ. चौकट केवढी दिसेल हे समजायला ती उपयोगी आहे, पण आपल्या हिशेबाला कड्यावरचे खरे आकडेच लागतात.

आता फोकल लेंग्थला एफ-नंबरने भागा. दोन्ही टोकांना, वेगवेगळं. येणारं उत्तर म्हणजे प्रकाश आत शिरतो त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. कॅमेऱ्याबद्दल एकच गोष्ट विचारायची परवानगी असती, तर मी हा व्यास विचारला असता.

चार कॅमेरे घेऊन करून बघू. चौघांचंही जवळचं टोक २४ मिमी सममूल्य आहे, म्हणजे एकाच जागी उभं राहून चौघांतून खोली सारखीच दिसेल. जी७ एक्स मार्क ३: ८.८ भागिले १.८, म्हणजे ४.९ मिमी. सोनी आरएक्स१०० मार्क ७: ९ भागिले २.८, म्हणजे ३.२. पॅनासॉनिक टीझेड२००: ८.८ भागिले ३.३, म्हणजे २.७. आणि पॅनासॉनिकचाच २०२५ मधला टीझेड९९: ४.३ भागिले ३.३, म्हणजे १.३.

प्रकाश भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून हे आकडे वर्ग करून ताडायचे. ४.९ आणि १.३ यांच्यात जवळजवळ चौदा पटींचा फरक निघतो. अर्थ असा की संध्याकाळी दिवाणखान्यात जिथे जी७ एक्सला १/६० सेकंद पुरतो, तिथे तितकाच स्वच्छ फोटो यायला टीझेड९९ ला १/४ सेकंदाच्या आसपास लागेल. (सेन्सरचं, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या चिपचं, तंत्रज्ञान सारखं धरून, हिशेब ढोबळ आहे, पण वागणूक अशीच असते.) पाव सेकंदात भिंत स्थिर राहते, मूल राहत नाही.

आता लांबचं टोक. जी७ एक्स: ३६.८ भागिले २.८, म्हणजे १३ मिमी. आरएक्स१०० मार्क ७: ७२ भागिले ४.५, म्हणजे १६. टीझेड२००: १३२ भागिले ६.४, म्हणजे २०.६. टीझेड९९: १२९ भागिले ६.४, म्हणजे २०.२. क्रम पार उलटला. झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या पक्ष्याकडून सगळ्यांत कमी प्रकाश गोळा करतो तो जी७ एक्स, आणि घरात ज्याला आपण नापास केलं तो टीझेड९९ इथे त्याच्या जवळजवळ अडीचपट गोळा करतो.

'सेन्सर मोठा तो कॅमेरा सरस' हे वाक्य लोक पाठ करून येतात. घरातल्या फोटोंपुरतं ते खरं आहे. पहिल्या तिघांत तथाकथित एक इंची सेन्सर आहे, प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिमी. टीझेड९९ मध्ये १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ गुणिले ४.६. क्षेत्रफळात चौपट फरक. (यातला कुठलाच आकार इंचाशी जुळत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेली ती मापं आहेत. पट्टी घेऊन मोजत बसू नका.) पण दूरच्या पक्ष्याला तुमचा सेन्सर केवढा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्याकडून आलेला प्रकाश त्या वीस मिलिमीटरच्या भोकातून आत जातो, आणि त्याची प्रतिमा सेन्सरवर किती मोठी पडेल ते खरी फोकल लेंग्थ ठरवते.

टीझेड२०० आणि टीझेड९९ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत ते याचसाठी. १३२ आणि १२९. पक्षी दोघांच्याही सेन्सरवर जवळपास तेवढाच पडतो, प्रकाशही तेवढाच. टीझेड९९ मध्ये त्याच्याभोवतीची जागा कमी आणि पिक्सेल दाटीवाटीने बसवलेले, म्हणून तो चौकट भरून दिसतो. दोन्ही कॅमेरे वीस मेगापिक्सेलचे, तेव्हा टीझेड९९ मध्ये पक्ष्याच्या वाट्याला चौपट पिक्सेल येतात. तपशील मात्र चौपट येत नाही. एफ/६.४ ला प्रकाशाच्या मूळ स्वभावामुळेच एका बिंदूचा ठिपका साधारण साडेआठ मायक्रोमीटरचा होतो आणि टीझेड९९ चा पिक्सेल सव्वा मायक्रोमीटरच्या आसपास आहे. बारीक चाळणी लावली म्हणून जाड पीठ बारीक होत नाही. उलट घरात टीझेड२०० ला त्याच्या चौपट प्रकाश मिळतो. मला विचाराल तर दोन्ही टोकं हवी असणाऱ्या माणसाचा कॅमेरा टीझेड२००, आणि त्याची किंमत ४५ मिलिमीटर जाडीत मोजायची.

"मग एक इंची सेन्सर आणि ७२० मिमी, दोन्ही खिशात का देत नाहीत?" हाही नेहमीचा प्रश्न. भागाकाराने उत्तर मिळतं. एक इंची सेन्सरवर ७२० सममूल्य म्हणजे खरी २६४ मिमी. एफ/६.४ ला भोक ४१ मिमीचं. एवढी काच ज्या कॅमेऱ्याची एकूण उंचीच सहा सेंटिमीटर, त्याच्या तोंडावर कशी बसवणार, आणि बंद केल्यावर ती कुठे जाणार?

तुमचं टोक कोणतं

ते शोधायला फोन उघडा. फोनमधले गेल्या काही महिन्यांतले फोटो चाळा आणि ज्यांच्यावर तुम्ही मनातल्या मनात नाराज आहात तेवढेच वेगळे काढा. अंधुक खोलीत हललेले, तोंडं धुरकट झालेले जास्त असतील तर जवळच्या टोकाचं भोक मोठं हवं. रंगमंचावरचं मूल मुंगीएवढं, देवळाच्या शिखरावरचं कोरीवकाम दिसतच नाही, पक्षी म्हणजे ठिपका, असे जास्त असतील तर लांबच्या टोकाचं. आणि नाराजीचे फोटोच सापडले नाहीत, तर पैसे वाचले. चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा आजकाल १/२.३ इंची सेन्सरपेक्षा मोठा असतो आणि अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो. केवळ जवळच्या टोकाला वापरण्यासाठी छोट्या सेन्सरचा झूम कॅमेरा घेणारे लोक फोनहून वाईट फोटो विकत घेतात, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

कड्यावरचे आकडे दोन टोकांचे. मधलं तुम्हाला हातात घेऊनच बघावं लागतं. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा) ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि हळूहळू झूम करत स्क्रीनवरचा एफ-नंबर बघत राहा. सोनीच्या पहिल्या आरएक्स१०० मध्ये एफ/१.८ हे फक्त २८ मिमीला असतं. १०० ला पोचेपर्यंत ते एफ/४.९ होतं. कुठे किती उतरतं ते लिहून घ्या. माणसांचे चेहरे टिपणाऱ्याने ७० ते १०० मिमीच्या पट्ट्यातला आकडा खास बघावा, तिथे एफ/२.८ टिकवून ठेवणारी लेन्स लांब झूमवाल्यापेक्षा कितीतरी कामाची. २०१४ चा आरएक्स१०० मार्क ३ (२४-७०, एफ/१.८-२.८) अजून लोक शोधत फिरतात ते उगाच नव्हे.

लांब झूम घेणार असाल तर व्ह्यूफाइंडरबद्दल, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीबद्दल, हट्ट धरा. ७२० मिमीला हाताचा थरकाप चौकटभर नाचतो. लेन्समधलं स्थिरीकरण तो बराच शोषून घेतं, पण हात लांब करून स्क्रीनकडे बघत धरलेला कॅमेरा आणि कपाळाला टेकवून धरलेला कॅमेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय उन्हात स्क्रीनवर पक्षी कुठे आहे तेच दिसत नाही. पॅनासॉनिकच्या टीझेड९५ मध्ये व्ह्यूफाइंडर होता, टीझेड९९ मध्ये तो काढून टाकला. मला हे मुळीच पटलेलं नाही. सोनीच्या मालिकेत मार्क ३ पासून वर उसळणारा छोटा व्ह्यूफाइंडर आहे, जी७ एक्समध्ये नाही. पण त्याचं लांबचं टोक १०० मिमीचंच, म्हणून तिथे चालून जातं. आणि लक्षात असू द्या, स्थिरीकरण तुमचा हात थांबवतं, उडणारा पक्षी थांबवत नाही.

बाकीचं झटपट. बॅटरी: उद्योगाच्या प्रमाणित चाचणीत आरएक्स१०० मार्क ७ चे २६० आणि जी७ एक्स मार्क ३ चे २३५ फोटो निघतात. दुसरी बॅटरी घ्यावीच लागते, ती कॅमेऱ्याबरोबरच घ्या. चार्जिंग: युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं झालं, त्यामुळे नवी मॉडेलं तशीच येतात, आधीच्या बऱ्याच मॉडेलांत जुनं सॉकेट आहे, केबल वेगळी बाळगावी लागेल. रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली, कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली): फोटो नंतर संगणकावर सुधारायची सवय असेल तर बघून घ्या, कॅननच्या एसएक्स७४० एचएस मध्ये ४० पट झूम आहे, रॉ नाही. मेगापिक्सेल: सोडून द्या.

आत काय असतं, आणि काय मोडतं

कॅमेरा सुरू केल्यावर लेन्स बाहेर येते तेव्हा आत तीन-चार नळकांडी एकमेकांतून सरकत असतात. प्रत्येकाच्या भिंतीवर तिरप्या खाचा, खाचांत फिरणाऱ्या छोट्या खुंट्या, आणि हे सगळं फिरवायला नखाएवढी मोटर आणि प्लॅस्टिकचे दाते. लेन्स मिटली की त्या सगळ्याची घडी तीन-चार सेंटिमीटरांत बसते. २००३ मध्ये पेंटॅक्सच्या ऑप्टिओ एस मध्ये तर मिटताना भिंगांचा एक गट चक्क बाजूला सरकून दुसऱ्यांच्या शेजारी जाऊन बसायचा. असलं काही उघडून बघितलं की बनवणाऱ्याला मनातून नमस्कार करतो आणि पुन्हा बंद करताना त्यालाच चार शब्द ऐकवतो.

माझ्याकडे येणाऱ्या कॅमेऱ्यांत सगळ्यांत मोठा गठ्ठा याच नळकांड्यांचा. कारणं दोन. एक, खिशात किंवा पिशवीत चुकून बटण दाबलं जातं, लेन्स बाहेर यायला बघते, समोर कापड किंवा किल्ल्यांचा जुडगा आडवा येतो आणि दाते घसरतात. म्हणून दुकानात सुरू करायचं बटण बोटाने चाचपून बघा: ते खोलगट बसवलेलं असावं, आणि चुटकीसरशी दबलं जाऊ नये. दुसरं कारण वाळू आणि धूळ. सरकणाऱ्या नळकांड्यांमधल्या फटीतून कॅमेरा दर वेळी थोडी हवा आत ओढतो, हवेबरोबर धूळ जाते आणि सेन्सरवर बसते. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे तो घरी पुसताही येत नाही. समुद्रकिनारा, खाणी, बांधकामं, धुळीचे रस्ते हेच तुमचं क्षेत्र असेल तर बाहेर न येणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घ्या. ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो, २५ ते १०० मिमीचा झूम सगळा पोटातच. भागाकार केलात तर भोकं लहान निघतील: २.२५ आणि ३.७ मिमी. पण वाळूत तो चालत राहतो आणि बाकीचे माझ्याकडे येतात.

वापरलेला घेताना

हा भाग सविस्तर सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या नशिबी हाच आहे. २०१० साली जगात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये तो आकडा वीस लाखांच्याही खाली होता. मॉडेलं बंद पडली, कंपन्या बाहेर पडल्या, आणि चांगल्यापैकी अनेक कॅमेरे आता फक्त वापरलेलेच मिळतात.

हातात आला की आधी कानाला लावा. सुरू करा, बंद करा, असं सात-आठ वेळा. आवाज प्रत्येक वेळी सारखा यायला हवा. मध्येच करकर, अडखळणं, किंवा मिटताना दुसऱ्यांदा प्रयत्न, असं दिसलं की परत द्या. विकणारा म्हणेल, "थंडीमुळे होतं." होत नाही. लेन्सपुढच्या झडपा पूर्ण उघडतात का, बंद होताना एखादी अर्धवट राहते का, तेही बघा. मग कॅमेरा खाली तोंड करून आणि वर तोंड करून झूम दोन्ही टोकांना न्या; झिजलेले दाते वर चढताना कण्हतात.

धुळीसाठी पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. ॲपर्चर शक्य तितकं लहान, एफ/८ किंवा एफ/११, झूम लांबच्या टोकाला. स्क्रीनवर मोठा करून बघा. काळसर गोल डाग दिसले तर आत धूळ आहे. एखाद-दुसऱ्या फिकट डागाने काही बिघडत नाही, पण मग किंमतही तशी हवी.

बुरशीसाठी टॉर्च. लेन्स बाहेर काढून प्रकाश तिरपा टाका आणि काचेत खोलवर बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर तो कॅमेरा कपाटात पावसाळे काढून आलाय. त्याला घरी आणू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाची चाचणी, जी कोणी करत नाही: छापील वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा बरोबर समोर, समांतर धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून वाचा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन वाचता येतात आणि एकच धूसर, तर आतलं एखादं भिंग कललंय. बहुधा कॅमेरा पडलाय. हीच चाचणी मधल्या आणि लांबच्या टोकालाही करा. बाहेरचा पत्रा बदलून पडल्याची खूण लपवता येते, कोपरा लपत नाही.

बॅटरीचं दार उघडून आतली छोटी अडकण असेल तर ती सरकवल्यावर बॅटरी आपोआप वर यायला हवी. ओढून काढावी लागली तर ती फुगलीय. संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट थर नको. तारीख-वेळ लावा, बॅटरी काढून पाच-दहा मिनिटांनी परत घाला. घड्याळ शून्यावर गेलं तर आतला छोटा सेल मेलाय, फोटोंना त्याने काही होत नाही, पण भाव पाडायला बरं. स्क्रीनवरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. ते बघूनच लोक चांगले कॅमेरे सोडून देतात.

फार जुना घेत असाल तर कार्ड तपासा. २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीच्या वरची एसडी कार्डं ओळखत नाहीत. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या त्या काळातल्या बऱ्याच मॉडेलांना एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागतं, आणि सोनीला २०१० पर्यंत मेमरी स्टिक. कॅमेरा स्वस्तात मिळतो आणि कार्डासाठी वणवण होते. बॅटरीचंही तेच: नाव आणि क्रमांक लिहून घ्या, ती अजून नवी मिळते का ते आधी शोधा. सोनीने आरएक्स१०० च्या सातही मॉडेलांना एकच एनपी-बीएक्स१ बॅटरी ठेवली, हे मोठं उपकाराचं काम केलं.

नवा घ्या वा जुना, परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते विचारून घ्या आणि वर्तमानपत्राच्या पानाची चाचणी घरी पोचल्याच्या दिवशीच करा. नव्या खोक्यातही कललेलं भिंग निघतं. मुदत संपल्यावर ते माझ्याकडे येतं, आणि बहुतेक वेळा लेन्सचा अख्खा संच बदलावा लागतो.